तीनशे पाच वजा एकशे अठ्ठ्याहत्तर

डंडीत नोव्हेंबरचे साडेतीन वाजले
की खिडकीतली टे नदी आधी विझते,
मग समोरच्या छपरांवरचे सीगल.
जुई बूट न काढताच टेबलाशी बसते.
प्रायमरी फोर. चौकटींची वही, चावलेली पेन्सिल.

एका बेकरीत तीनशे पाच रोल होते.
दुपारपर्यंत एकशे अठ्ठ्याहत्तर खपले.
उरले किती?

मी मुद्दाम मराठीत वाचून दाखवते,
आणि ती अठ्ठ्याहत्तरपाशी अडते.
"तुम्ही लोक आठ आधी का म्हणता?
लिहिताना तर सात आधी येतो."
मला माहीत नाही.
माझ्या आईलाही माहीत नसावं.
आम्ही आकडा शेपटीकडून उचलतो, एवढंच.

"आणि रोल गरम होते का?"
ते प्रश्नात दिलेलं नाही.

पाचातून आठ जात नाहीत.
"शेजारून एक उसना घे," मी म्हणते.
"उसना नाही गं. मिस ऑगिल्वी म्हणते, सुटे करायचे."
बरोबर आहे तिचं.
चौथीपर्यंत मी किती दशक उसने आणले,
पाटीवर, वहीत, सहामाहीच्या पेपरात,
एकही परत केल्याचं आठवत नाही.

पण शेजारी शून्य आहे.
पेन्सिल तिथं थबकते.
ज्याच्याकडे काहीच नाही
त्याचं दार वाजवून मागायचं काय?

मग मी तिला आपला जिना आठवायला सांगते.
फेब्रुवारीतला बुधवार, पगार शुक्रवारी,
मीटरमधले पैसे संपून हीटर गार,
तू अंगात दोन स्वेटर घालून बसलेलीस.
आपण खालच्या मिस्टर गेडीसचं दार वाजवलं.
ते सपातांतच बाहेर आले,
दोन्ही खिसे उलटे करून दाखवले,
आणि म्हणाले, थांबा जरा.
मग दुखऱ्या गुडघ्याने, कठडा धरत धरत,
आपल्याला ओलांडून थेट तिसऱ्या मजल्यावर,
बोझेनाकडे.
ती तेव्हा नुकतीच बेकरीतून आलेली;
दहाच्या नोटेवर पिठाचा अंगठा होता.

जुई वहीकडे बघते. जिन्याकडे बघते.
"म्हणजे बोझेना शतक,
आपण एकक,
आणि मिस्टर गेडीस शून्य?"
हो. असंच काहीसं.

आता पेन्सिल भराभर चालते.
तीन खोडून दोन.
शून्याकडे दहा आले,
त्यातला एक त्यानं पुढं दिला, नऊ राहिले.
इकडं पाचाचे पंधरा झाले.
पंधरातून आठ, सात.
नवातून सात, दोन.
दोनातून एक, एक.
"एकशे सत्तावीस," ती म्हणते,
आणि स्वतःशीच पुटपुटते, "सात आधी."

मग मान वर करून:
"त्यांच्याकडे पण नऊ राहिले ना?"
"कोणाकडे?"
"मिस्टर गेडीसकडे."
नाही, मी सांगते. आख्खी नोट आपल्याला दिली.
त्या रात्री त्यांच्याकडे होतं तेवढंच राहिलं.

ती थोडा वेळ विचार करते.
"मग त्यांचं गणित चुकलं."

शुक्रवारी मी दहा पौंड परत केले होते,
वर, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून ते निघाले होते तिथं.
खाली काय परत करायचं ते कळेना,
म्हणून डबाभर शंकरपाळे दिले.
डबा त्यांनी धुऊन आणून दिला,
आत सहा बटाटे घालून.
तेव्हापासून तो डबा खालीवर करतोय,
कोण कोणाचं देणं लागतं
याचा हिशेब मी सोडून दिलाय.

खालून त्यांच्या रेडिओचा आवाज येतो.
वही मिटायच्या आधी
जुईनं समासात एक मोठं शून्य काढलंय,
त्याला दोन पाय,
पायांत सपाता,
आणि बाजूला, न विचारताच, जिना.